विश्वाची वही आणि उचंत खाते

दीपावलीच्या संध्याकाळी व्यापारी कुटुंबात वहीपूजन होते. कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक रेखाटले जाते, गौतमस्वामींच्या लब्धीचे आणि शालिभद्रांच्या ऋद्धीचे स्मरण होते, आणि मुहूर्त साधून पहिली नोंद पडते. हिशेबाचे वर्ष आता १ एप्रिलला सुरू होत असले, आकडे संगणकात जात असले, तरी या पहिल्या नोंदीचे स्वरूप बदललेले नाही. ती नव्या व्यवहाराची नसते. ती असते मागील बाकी. ज्याच्या हाती केवळ ही एकच वही आली, त्याला वाटावे की पेढीचा जन्म याच पाडव्याला झाला. ज्याला वहीची रीत ठाऊक आहे तो मात्र पहिल्या ओळीवर बोट ठेवून विचारतो : ही बाकी कोठून आली?

अनेक घरांत असाच प्रश्न आज नवी पिढी विचारू लागली आहे, तो मात्र पेढीविषयी नव्हे, विश्वाविषयी. महाविद्यालयात मुलगी शिकते की विश्वाचा आरंभ सुमारे १,३८० कोटी वर्षांपूर्वी महास्फोटाने झाला. लहानपणी पाठशाळेत तिने पाठ केलेले असते की हा लोक अनादि-अनंत आहे, त्याचा कोणी कर्ता नाही. ती आजोबांना विचारते, "आजोबा, या दोहोंपैकी खरे कोणते?"

घरोघरी या प्रश्नाला दोन ठरावीक उत्तरे मिळतात. पहिले उत्तर असे, की असे प्रश्न विचारायचे नसतात. दुसरे असे, की विज्ञान अजून अपुरे आहे, ते हळूहळू आपल्या आगमांपाशी येत आहे, किंबहुना आलेलेच आहे. पहिल्या उत्तराने मूल गप्प बसते. दुसऱ्याने ते काही काळ सुखावते, पण पुढे अभ्यास वाढला आणि दिलेला दाखला खोटा ठरला, की त्या एका दाखल्याबरोबर आजोबांच्या शब्दावरचा विश्वासही जातो. पत हीच ज्यांची खरी पुंजी, त्या कुटुंबांना हा तोटा किती मोठा असतो हे वेगळे सांगावयास नको. म्हणून या विषयाचा हिशेब दोन्ही बाजूंनी नीट तपासून घेणे आवश्यक आहे.

वहीचे पहिले वाचनीय पान

विसाव्या शतकाच्या आरंभी वैज्ञानिकांचीही समजूत हीच होती की विश्व एकंदरीत स्थिर आहे. अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये आपले गुरुत्वाकर्षणाचे समीकरण संपूर्ण विश्वाला लावले, तेव्हा ते विश्व स्थिर राहीना. ते स्थिर राहावे म्हणून त्यांनी समीकरणात एक जादा पद घातले. ताळा जुळत नाही म्हणून रक्कम घालावी, तसाच तो प्रकार होता. १९२२ मध्ये रशियन गणिती अलेक्झांडर फ्रीडमान यांनी आणि १९२७ मध्ये बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की समीकरणे प्रसरण पावणाऱ्या विश्वाकडे बोट दाखवितात. १९२९ मध्ये कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन येथील शंभर इंची दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून एडविन हबल यांनी मांडले की दीर्घिका जितकी दूर, तितक्या अधिक वेगाने ती आपल्यापासून दूर जाताना दिसते. विश्व प्रसरत असेल तर पूर्वी ते अधिक दाट आणि अधिक उष्ण असले पाहिजे, हे त्यातून ओघानेच आले.

पुढचा भक्कम पुरावा १९६५ मध्ये पुढे आला. अमेरिकेत न्यू जर्सी येथे आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांच्या शिंगाकृती अँटेनात एक मंद खरखर सतत ऐकू येत होती. दिशा बदलली तरी ती बदलेना. अँटेनात घरटे केलेल्या कबुतरांची विष्ठा साफ करूनही ती जाईना. ती खरखर आकाशाच्या प्रत्येक दिशेकडून येणाऱ्या सूक्ष्मलहरींची होती. त्या लहरींचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम पावणेतीन अंश. विश्व तप्त होते त्या काळातील प्रकाशाचा तो थंडावलेला अवशेष होय. या शोधाला १९७८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहिली पाहिजे. तो प्रकाश निघाला तेव्हा विश्व त्या तप्त अवस्थेपासून सुमारे ३,८०,००० वर्षे पुढे आले होते. त्यापूर्वीचे विश्व अपारदर्शक होते, तेथील प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचत नाही. हायड्रोजन आणि हेलियम यांच्या आजच्या प्रमाणावरून पहिल्या काही मिनिटांचा हिशेबही मांडता येतो, आणि तो चांगला जुळतो. पण जसजसे आणखी मागे जावे तसतसा एक क्षण असा येतो की ज्ञात समीकरणेच निरुत्तर होतात, कारण गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत आणि पुंजसिद्धांत यांचा मेळ अद्याप बसलेला नाही. तात्पर्य, विज्ञानाने ठामपणे सांगितलेले विधान इतकेच, की सुमारे १,३८० कोटी वर्षांपूर्वी आजचे दृश्य विश्व अतिशय दाट व तप्त अवस्थेत होते आणि तेथपासून ते प्रसरत व थंड होत आले आहे. त्या अवस्थेच्या आधी काही होते की नाही, 'आधी' या शब्दाला तेथे अर्थ तरी आहे की नाही, यावर वैज्ञानिकांत एकमत नाही. हार्टल आणि हॉकिंग यांनी १९८३ मध्ये काळाला कडाच नसलेले प्रतिरूप मांडले. रॉजर पेनरोज एका युगानंतर दुसरे युग अशी मालिका कल्पितात. अन्य काहींनी आकुंचन आणि प्रसरण यांची चक्रे मांडली. यांपैकी एकही सिद्ध झालेले नाही. महास्फोट म्हणजे हाती असलेल्या वहीचे पहिले वाचनीय पान होय. त्याच्या माथ्यावर मागील बाकी आहे, पण मागील वही मात्र कोणाच्या हाती नाही.

जुळवून घेण्याचा मोह

अशा ठिकाणी मोह होतो तो सोयीचा आकडा उचलण्याचा. या मोहाची दोन शिकवण देणारी उदाहरणे आहेत.

पहिले उदाहरण खुद्द लमेत्र यांचे. ते जसे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते तसेच कॅथलिक धर्मगुरूही होते. १९३१ मध्ये त्यांनी 'आदिम अणू'ची कल्पना मांडली. वीस वर्षांनी, नोव्हेंबर १९५१ मध्ये, पोप बारावे पायस यांनी एका भाषणात सुचविले की आधुनिक विज्ञान जणू ईश्वराच्या आदिनिर्मितीचीच साक्ष देत आहे. धर्मगुरू असलेल्या लमेत्रांना याचा आनंद व्हावयास हवा होता. पण ते अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत धार्मिक किंवा तात्त्विक प्रश्नांच्या बाहेरचा आहे, असेच ते मानीत. सिद्धांत उद्या बदलला तर त्याच्या खांद्यावर ठेवलेल्या श्रद्धेचे काय, हा त्यातील कळीचा प्रश्न. स्वतःच्या धर्माच्या बाजूने दिसणारा दाखलाही त्यांनी खात्यावर जमा करून घेतला नाही.

दुसरे उदाहरण मराठी वाचकांच्या जवळचे. १९४८ मध्ये फ्रेड हॉईल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी स्थिरस्थिती सिद्धांत मांडला : विश्व प्रसरते, तरी त्याला आरंभ नाही आणि अंत नाही. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर केंब्रिजला याच हॉईल यांचे विद्यार्थी झाले आणि १९६४ मध्ये दोघांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत पुढे ठेवला. सूक्ष्मलहरींच्या शोधानंतर बहुसंख्य वैज्ञानिक महास्फोटाकडे वळले, तरी नारळीकर अखेरपर्यंत त्या मताचे चिकित्सक राहिले. १९९३ मध्ये हॉईल व जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी अर्धस्थिर स्थितीचे सुधारित प्रतिरूप मांडले. पुण्यातील आयुका ही संस्था त्यांनी उभी केली. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले.

अनादि विश्वाचा सिद्धांत आणि तोही एका मराठी शास्त्रज्ञाचा! जैन वाचकाला तो आपलासा वाटला तर नवल नाही. परंतु येथेही खाते उघडून पाहावे लागते. विश्व प्रसरत असताना त्याची घनता कायम राहावी म्हणून स्थिरस्थिती सिद्धांतात नवे द्रव्य सतत उत्पन्न होत असल्याचे मानले होते. उर्जेचा ताळा जुळविणारे गणित पुढे हॉईल आणि नारळीकर यांनी दिले, हे खरे. पण जैन दर्शनाची धारणा अशी, की एकही परमाणू नव्याने निर्माण होत नाही आणि एकही समूळ नष्ट होत नाही. म्हणजे 'अनादि' या एका खात्यात रक्कम जुळवावी, तर 'द्रव्य' या दुसऱ्या खात्यात फरक निघतो. शिवाय उपलब्ध निरीक्षणांचा कौल आज त्या सिद्धांताच्या बाजूचा नाही. आपल्याला आवडते म्हणून एखादे मत शास्त्रसंमत ठरत नाही, आणि नावडते म्हणून ते खोटेही ठरत नाही.

कोणत्या अपेक्षेने?

मग जैन दर्शनाचे या विषयावर म्हणणे तरी नेमके काय आहे? व्याख्याप्रज्ञप्ती, म्हणजेच भगवतीसूत्र, यात स्कंदक परिव्राजकाचा प्रसंग आहे. लोक सान्त आहे की अनंत, या प्रश्नाने स्कंदक निरुत्तर झाला होता. भगवान महावीरांनी त्याला एका शब्दात उत्तर दिले नाही. त्यांनी प्रश्नाचेच चार भाग केले. द्रव्याच्या अपेक्षेने लोक एक आहे, म्हणून सान्त. क्षेत्राच्या अपेक्षेनेही सान्त. काळाच्या अपेक्षेने मात्र तो अनंत आणि भावाच्या, म्हणजे अवस्थांच्या, अपेक्षेनेही अनंत.

या उत्तराचे मोल त्याच्या रीतीत आहे. 'विश्वाला आरंभ आहे का?' या प्रश्नालाही आधी विचारले पाहिजे : आरंभ कशाचा? सोन्याचे कडे मोडून हार घडविला, तर हाराला आरंभ आहे, सोन्याला नाही. जैन परिभाषेत पर्याय उत्पन्न होतो आणि लय पावतो, द्रव्य टिकून राहते. उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य या तिहींनी मिळून अस्तित्व होते, ही उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राची प्रसिद्ध भूमिका. दीर्घिका, तारे, मूलद्रव्ये यांचा आरंभ विज्ञान सांगते, आणि पर्यायांना आरंभ असतो हे मानण्यास जैन दर्शनाची काहीच हरकत नाही.

पण येथे थांबून 'दोन्ही जुळले' असा शिक्का मारणेही योग्य नव्हे. काळाचाच आरंभ झाला असे मानणारी प्रतिरूपेही विज्ञानात आहेत. ती उद्या निर्विवाद ठरली तर लोक काळाच्या अपेक्षेने अनादि आहे या विधानाशी त्यांचा खरा विरोध होईल. तसेच लोकाच्या आकाराची आणि विस्ताराची ग्रंथांतील वर्णने व दुर्बिणीतून दिसणारे विश्व यांची ओढूनताणून जुळणी केल्याने ना शास्त्राला न्याय मिळतो, ना विज्ञानाला. इ. स. च्या नवव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या राज्यात, आचार्य जिनसेनांनी आदिपुराणात सृष्टिकर्त्याच्या कल्पनेचे खंडन केले. त्यांनी तेथे मापनाचा दावा केला नाही, तर्क केला : जगाला कर्ता हवा असेल तर त्या कर्त्याला कर्ता का नको? हा तर्क आजही तितकाच ताजा आहे. पण तर्काची पावती ती मापनाची पावती नव्हे. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कान्ट यांनी १७८१ मध्ये दाखविले की जगाला आरंभ आहे आणि आरंभ नाही, या दोन्ही बाजू शुद्ध तर्काने सारख्याच जोरकसपणे मांडता येतात. तर्काची मर्यादा ओळखणे हाही ज्ञानाचाच भाग होय.

विज्ञान स्वतः ही मर्यादा कशी सांभाळते ते पाहण्यासारखे आहे. आजच्या मापनानुसार विश्वातील ज्ञात पदार्थ, म्हणजे तारे, ग्रह, वायू, माती, पाणी आणि मानवी देह ज्याचे बनले आहेत तो, एकूण जमेच्या जेमतेम ५ टक्के भरतो. सुमारे २७ टक्के 'कृष्णद्रव्य' आणि सुमारे ६८ टक्के 'कृष्णऊर्जा' आहे असे मानतात. ही दोन्ही नावे आहेत, ओळख नव्हे. तेरीज जुळत नाही, फरक कोठे आहे ते सापडत नाही, तेव्हा प्रामाणिक मुनीम काय करतो? आकड्यांवर खाडाखोड करीत नाही. फरकाची रक्कम उचंत खात्यात टाकतो, तेथे ती सर्वांना दिसेल अशी ठेवतो आणि शोध चालू ठेवतो. विश्वाची ९५ टक्के रक्कम आज उचंत खात्यात आहे, आणि हे विज्ञान उघडपणे सांगते.

वही वाचणारा

याच उचंत खात्यात आणखी एक नोंद आहे. तिची रक्कम सांगता येत नाही, पण तिच्यावाचून वही वाचलीच जात नाही. ती नोंद म्हणजे वाचणारा स्वतः, म्हणजे चैतन्य.

विज्ञानाच्या वहीत वस्तुमानाचा रकाना आहे, वेगाचा आहे, विद्युत्‌भाराचा आहे. गुळाच्या गोडीचा, दातदुखीच्या कळेचा, आईच्या आठवणीचा रकाना तेथे नाही. हा रकाना चुकून राहून गेलेला नाही. गॅलिलिओ यांनी १६२३ च्या आपल्या ग्रंथात रंग, रस, गंध यांना मापनीय जगातून बाजूला काढले आणि ते जाणणाऱ्याकडे सोपविले. उरले ते आकार, संख्या आणि गती. या विभागणीमुळेच विज्ञानाची प्रगती झपाट्याने झाली. पण आता विज्ञान जाणणाऱ्याकडेच वळले आहे आणि त्याच्यासाठी वहीत रकाना नाही, ही अडचण उभी राहिली आहे.

ही अडचण प्राचीन ग्रंथांनाही ठाऊक होती. श्वेतांबर परंपरेतील राजप्रश्नीय सूत्रात राजा प्रदेशी आणि केशीकुमार श्रमण यांचा संवाद आहे. प्रदेशी राजा जीव मानीत नव्हता, आणि त्याने केवळ वाद घातला नाही, प्रयोग केले. एका चोराला लोखंडी कुंभीत कोंडून तिचे तोंड पक्के बंद केले. चोर मेला, पण जीव बाहेर गेल्याचे छिद्र कोठे दिसेना. दुसऱ्याचे वजन जिवंतपणी आणि मेल्यावर केले, फरक आढळेना. आणखी एकाच्या देहाचे तुकडे करून पाहिले, जीव सापडेना. प्रयोग क्रूर होते, पण प्रश्न खरे होते. केशीकुमारांनी एकेका प्रश्नाला दृष्टांताने उत्तर दिले. बंद दालनातील नगाऱ्याचा आवाज भिंतीला भोक न पाडता बाहेर येतो. अरणीच्या लाकडाचे तुकडे केल्याने त्यात दडलेला अग्नी सापडत नाही. रिकाम्या आणि हवा भरलेल्या चामड्याच्या पिशवीचे वजन सारखेच भरते.

यातील शेवटचा दृष्टांत आज जसाच्या तसा घेता येणार नाही, कारण हवेला वजन असते हे आता ठाऊक आहे. हे मान्य केल्याने सूत्राचे मोल घटत नाही. दृष्टांत हे समजावण्याचे साधन असते, प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र नव्हे. उलट, असे प्रमाणपत्र मिळविण्याच्या नादात काय होते याचे उदाहरण अमेरिकेत घडले. १९०७ मध्ये डंकन मॅकडूगल या डॉक्टरांनी मरणासन्न रुग्णांची शय्या तराजूवर ठेवून आत्म्याचे वजन केल्याचे प्रसिद्ध केले. रुग्ण सहा. त्यांतील दोघांची मापे त्यांनी स्वतःच बाद केली, आणि उरलेल्यांची एकमेकांशी जुळेनात. त्यांतील एकाच मापावरून 'आत्म्याचे वजन एकवीस ग्रॅम' ही वदंता जगभर पसरली, आणि आजही ती भ्रमणध्वनीवरून घरोघरी फिरते. ती पुढे पाठविणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. जैन दर्शनानुसार जीव अरूपी आहे, त्याला वजन असणेच शक्य नाही. आणि त्याच डॉक्टरांनी पंधरा कुत्र्यांचीही मृत्युसमयी वजने केली, फरक आढळला नाही, आणि कुत्र्याला आत्मा नसतो असा अर्थ त्यातून काढला. मुंगीतही जीव मानणाऱ्या घरातून हा दाखला पुढे जावा, यासारखी विसंगती नाही.

आधुनिक मेंदूविज्ञानाने त्यापुढे फार मोठी मजल मारली आहे. मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. कोणता भाग दुखावला तर वाचा जाते, कोणता दुखावला तर चेहरे ओळखता येत नाहीत, हे आज सांगता येते. पण १९९५ मध्ये तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी एक भेद स्पष्ट केला. मेंदू माहिती कशी हाताळतो हा प्रश्न कठीण असला तरी सुटण्याजोगा आहे. त्या हाताळणीबरोबर अनुभव का येतो, आत 'कोणीतरी जाणत आहे' असे का असते, हा खरा अवघड प्रश्न. १९९८ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख यांनी त्यांच्याशी पैज लावली की पंचवीस वर्षांत मेंदूतील चैतन्याची खूण स्पष्टपणे सापडेल. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्क येथील परिषदेत कॉख यांनी सर्वांसमक्ष हार मान्य केली आणि पैज चुकती केली. पुढे २०२५ मध्ये चैतन्याच्या दोन प्रमुख सिद्धांतांची समोरासमोर घेतलेली चाचणी प्रसिद्ध झाली. दोहोंच्याही काही महत्त्वाच्या दाव्यांना तीत धक्का बसला.

येथे विश्वाचा आरंभ आणि चैतन्य हे दोन प्रश्न एकमेकांना भेटतात. विज्ञानातील रूढ मांडणीनुसार पृथ्वी सुमारे ४५० कोटी वर्षांची, जीवसृष्टी त्यानंतरची, आणि चेतासंस्था तर फारच अलीकडची. म्हणजे चैतन्य ही वहीत उशिरा पडलेली नोंद. जैन दर्शनानुसार जीव हे स्वतंत्र द्रव्य आहे. जाणणे आणि पाहणे, म्हणजेच उपयोग, हे त्याचे लक्षण आहे, आणि ते पुद्गलापासून निपजलेले नाही. म्हणजे चैतन्य ही मागील बाकी. या दोन विधानांत खरा भेद आहे आणि तो झाकू नये. चैतन्य मूलभूतच आहे असे मानणारे काही पाश्चात्त्य तत्त्वज्ञही आज आहेत, पण त्यांची मांडणी म्हणजे जैनांचा जीव नव्हे. मेंदूविज्ञानाला आज उत्तर सापडले नाही, म्हणून आपले उत्तर आपोआप सिद्ध होत नाही. एका पक्षाची तेरीज जुळली नाही, यावरून दुसऱ्याची जुळली असे कोणताही हिशेबनीस म्हणणार नाही.

उचंत खाते आणि आचरण

मग सर्वच अनिर्णित असेल तर माणसाने वागावे कसे? या प्रश्नापाशी जैन परंपरेचे खरे बळ दिसते.

जुलै २०१२ मध्ये केंब्रिज येथे जमलेल्या मेंदूशास्त्रज्ञांनी जाहीर केले की सस्तन प्राणी, पक्षी आणि ऑक्टोपससारखे जीव यांच्यातही चैतन्याला आधारभूत अशा चेतारचना आहेत. एप्रिल २०२४ मध्ये न्यूयॉर्क येथील जाहीरनाम्याने पुढचे पाऊल टाकले : सर्व पृष्ठवंशीय प्राण्यांत, तसेच कीटकांसह अनेक अपृष्ठवंशीयांत, जाणिवेची वास्तव शक्यता आहे, आणि अशी शक्यता असताना तिच्याकडे दुर्लक्ष करणे हा बेजबाबदारपणा ठरेल. या जाहीरनाम्यांनी जीव सिद्ध केला नाही. वनस्पतींच्या बाबतीतही हाच विवेक हवा. जगदीशचंद्र बसू यांनी वनस्पती उद्दीपनाला प्रतिसाद देतात हे दाखविले. त्यांनी आत्म्याचे मापन केले नाही.

पण शेवटच्या वाक्यातील विचार ओळखीचा वाटतो. सिद्ध होईपर्यंत समोरचा जड आहे असे गृहीत धरायचे, की शंका असेल तेथे हात आखडायचा? व्यवहारात कुटुंबे दुसरा मार्ग जाणतात. जे देणे लागू शकते त्याची तजवीज आधी करून ठेवायची, निकालाची वाट पाहायची नाही. पाणी गाळून घेणे, दिवा झाकणे, धान्य निवडणे, पाऊल टाकण्यापूर्वी भूमी पाहणे, हे सारे आचार अशाच तजविजीचे आहेत. त्यांना प्रयोगशाळेच्या दाखल्याची प्रतीक्षा करावी लागली नाही, आणि तो उद्या मिळाला नाही म्हणून ते लटके पडणार नाहीत. त्यांचा आधार करुणा आणि सावधपणा हा आहे.

तेव्हा नातीच्या प्रश्नाला आजोबांनी द्यावयाचे उत्तर फार अवघड नाही. "बेटा, आजच्या विश्वाची अवस्था केव्हापासूनची ते तुझे पुस्तक मोजून सांगते, ते नीट शीक. अस्तित्वाला मुळात आरंभच नाही, असे आपले दर्शन तर्काने आणि श्रद्धेने सांगते, तेही नीट समजून घे. कोठे जुळते, कोठे जुळत नाही, ते वेगवेगळे लिहून ठेव. आणि जे मला ठाऊक नाही, ते मला ठाऊक नाही." या अखेरच्या वाक्याने आजोबा लहान होत नाहीत. सप्तभंगीत 'अवक्तव्य' या भंगाला मानाचे स्थान देणाऱ्या परंपरेत तर मुळीच नाही.

वहीच्या पहिल्या पानावर शुभ आणि लाभ लिहिले जाते. त्या दोहोंच्या आधारावर पेढी चालते, पण ती टिकते ती खाडाखोड नसलेल्या पानांवर. विश्वाच्या वहीत मागील बाकी कोणाची, आणि ती वाचणारा कोण, या दोन नोंदी अजून उचंत खात्यात आहेत. त्या खऱ्या मनाने तेथेच राहू देणे, आणि शोध चालू असेपर्यंत कोणत्याही जीवाचे आपल्या हातून नुकसान होऊ न देणे, हाच या हिशेबातील सत्यव्रताचा आणि अहिंसाव्रताचा अर्थ होय.